१८१८: ज्या वर्षी पुस्तकांवर नावं नव्हती

१८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाईचा शेवट आठवतो. ३ जूनला दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. शाळेत ज्यांच्या डोक्यात एकही सनावळी टिकली नाही, त्यांनाही हा सन विसरता येत नाही. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांकडे मात्र याच सनाची एक वेगळी यादी असते. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’, जेन ऑस्टिनच्या शेवटच्या दोन कादंबऱ्या, वॉल्टर स्कॉटच्या दोन, पर्सी शेलीची ‘ओझिमँडियस’, कीट्सचं ‘एन्डिमियन’, बायरनचं ‘बेप्पो’. एका वर्षात एवढं म्हणजे चंगळच. पण ही यादी पाठ करताना एक गोष्ट हातून निसटते. मी वर जी नावं भराभर लिहिली, त्यांतली बहुतेक त्या वर्षी त्या छापील पानांवर नव्हतीच.

‘फ्रँकेन्स्टाइन’चंच घ्या. १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये ते तीन भागांत निघालं. प्रती फक्त ५००. तेव्हा पुस्तकं साध्या पुठ्ठ्यात बांधून विकत. ज्याला परवडे तो नंतर चामड्याची बांधणी करून घेई. म्हणजे आजच्यासारखं रंगीत मुखपृष्ठ नाही, मागे लेखकाचा फोटो नाही. पुस्तकाची ओळख पटायची ती आतल्या पहिल्या पानावर. त्या पानावर वर कादंबरीचं नाव आहे, आणि ‘किंवा आधुनिक प्रॉमिथियस’ हे जोडनाव. मग ‘तीन भागांत’. मग मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधल्या तीन ओळी, ज्यांत आदम देवाला विचारतो की, मला मातीतून माणूस घडव असं मी तुला सांगितलं होतं का? खाली लंडन, फिन्सबरी स्क्वेअरच्या प्रकाशनसंस्थेतल्या भागीदारांची एकापुढे एक पाच आडनावं, आणि सन. प्रकाशकांची पाच नावं, लेखकाचं एकही नाही.

आज हे विचित्र वाटतं. तेव्हा कुणाला वाटलं नसणार. कादंबऱ्या निनावी निघणं हीच रीत होती. आणि निनावी म्हणजे दर वेळी कोरी जागाच असंही नाही. कधी ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच असे. कधी सरळ खोटं नाव. आणि सगळ्यांत जास्त चालणारा प्रकार म्हणजे आधीच्या पुस्तकाचं नाव सांगायचं: ‘वेव्हर्ली’च्या लेखकाकडून, ‘हेडलॉन्ग हॉल’च्या लेखकाकडून. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शिवराम महादेव परांजपे यांना आपण ‘काळकर्ते’ म्हणतो, चिपळूणकरांना ‘निबंधमालाकार’. फरक इतकाच की काळकर्ते कोण हे सगळ्या पुण्याला माहीत होतं, आणि वेव्हर्लीकर्ते कोण यावर एडिंबरापासून लंडनपर्यंत तेरा वर्षं पैजा लागत होत्या.

प्रकाशकांना याचं दुःख का नव्हतं, हे कळायला किंमत बघावी लागते. ‘फ्रँकेन्स्टाइन’चे तीन भाग मिळून साडेसोळा शिलिंग. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळत. कागद महाग, त्यावर कर, छपाई हातानं दाबायच्या यंत्रावर. कादंबरी विकत घेणं ही मध्यमवर्गालाही चैन होती. त्यामुळे बहुतेक वाचक वर्गणी भरून लायब्ररीतून पुस्तक आणत. आपल्याकडे गल्लीतल्या लायब्ररीत दिवाळी अंकांच्या मागे लागणारे वाचक ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढचं समजवावं लागणार नाही. एक कादंबरी तीन भागांत छापायची, म्हणजे लायब्ररीवाल्याला ती एकाच वेळी तिघांना फिरवता येते. एक जण पहिला भाग परत करून दुसरा भाग उचलतो, आणि दुसरा भाग संपवलेला तिसऱ्या भागाची वाट बघत बसतो. या गिऱ्हाइकाला लेखकाचं नाव लागत नसे. त्याला लागे प्रकार: भुताटकीची आहे का, प्रेमाची आहे का, ‘त्या आधीच्या’ लेखकाची आहे का. आधीच्या पुस्तकाचं नाव टाकलं की व्यापाराचं काम भागत होतं.

आणखी एक कारण कायद्याचं. १७९९ पासून इंग्लंडात छापलेल्या मजकुरावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता घालणं सक्तीचं होतं, कारण फ्रान्समधल्या क्रांतीनंतर सरकारला पत्रकांची धास्ती बसली होती. लिहिणाऱ्याच्या नावाची सक्ती नव्हती. पुढे १८१९ मध्ये बायरनच्या ‘डॉन वान’चे पहिले दोन सर्ग निघाले, तेव्हा त्यावर कवी नाही, प्रकाशक नाही, फक्त मुद्रकाचं नाव होतं. कायद्यानं मागितलं तेवढंच दिलं.

पण व्यापार आणि कायदा यांनी गोष्ट पुरी होत नाही. नाव न घालण्याची प्रत्येकाची कारणं वेगळी, आणि मला त्यांतच जास्त रस आहे.

जेन ऑस्टिनची गोष्ट त्यातल्या त्यात शांत. ती जुलै १८१७ मध्ये वारली. डिसेंबरच्या अखेरीस ‘नॉर्थँगर ॲबी’ आणि ‘पर्स्वेजन’ या दोन कादंबऱ्या एकत्र चार भागांत निघाल्या. पानावर सन पुढचा, १८१८. हयातीत तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव आलं नव्हतं. १८११ च्या पहिल्या कादंबरीवर ‘एका स्त्रीकडून’ एवढंच होतं. या शेवटच्या दोनांवरही ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या लेखिकेकडून असंच आहे, पण भाऊ हेन्रीनं पुस्तकाच्या सुरुवातीला एक छोटं चरित्र जोडलं आणि त्यात बहिणीचं नाव पहिल्यांदा जाहीर केलं. ‘नॉर्थँगर ॲबी’चं नशीब तर फारच गमतीचं. १८०३ मध्ये ती ‘सूझन’ या नावानं एका प्रकाशकाला १० पौंडांना विकली होती. त्यानं पैसे दिले आणि हस्तलिखित कपाटात टाकलं. सहा वर्षांनी तिनं त्याला खोट्या नावानं खरमरीत पत्र लिहिलं. सही केली ‘मिसेस ॲश्टन डेनिस’, आणि खाली आद्याक्षरं एम. ए. डी.; ती जोडून वाचली की इंग्रजीत ‘वेडी’ किंवा ‘संतापलेली’ असा शब्द होतो. प्रकाशकानं उलट कळवलं, १० पौंड द्या आणि घेऊन जा. १८१६ मध्ये हेन्रीनं ती त्याच किमतीत सोडवून आणली. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये तिची पहिली शिळा आजही आहे. तिच्या स्वभावाबद्दल, बुद्धीबद्दल, श्रद्धेबद्दल तिथे भरपूर कोरलंय. कादंबऱ्या लिहिल्याचा उल्लेख नाही.

वॉल्टर स्कॉटचं उलट. बाईमाणूस म्हणून झाकून राहण्याचा प्रश्न नाही, पैशाची ददात नाही, कवी म्हणून देशभर नाव. पण तो एडिंबराच्या कोर्टात अधिकारी होता, आणि कादंबरी हा तेव्हा भारदस्त माणसानं करायचा उद्योग मानला जात नव्हता. शिवाय, माझ्या मते, त्याला लपाछपीची चटकच लागली होती. १८१४ च्या ‘वेव्हर्ली’पासून त्यानं नाव लपवलं. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी अक्षर ओळखू नये म्हणून हस्तलिखिताची दुसऱ्याकडून नक्कल करवून मगच ती छपाईला जाई. १८१८ चा सन घातलेली ‘रॉब रॉय’ निघाली तीच १०,००० प्रतींची, आणि पंधरवड्याच्या आसपास ती खपलीसुद्धा. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या ५०० प्रतींशेजारी हा आकडा ठेवून बघा. जुलैत ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’ आली, तीही त्याच्या नावानं नाही आणि ‘वेव्हर्ली’कर्त्याच्याही नावानं नाही, तर जेडेडाया क्लाइशबॉटम नावाच्या एका काल्पनिक मास्तराच्या नावानं. म्हणजे निनावी लेखकानं घेतलेलं टोपणनाव. त्याच्याही आधी, १८१७ च्या सुरुवातीला, या मास्तराच्या पहिल्या पुस्तकाचं लांबलचक परीक्षण ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये आलं होतं. ते एका मित्राच्या मदतीनं लिहिलं होतं खुद्द स्कॉटनंच.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी रुजली, १८७१ मध्ये गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली, हरिभाऊ आपट्यांनी ती वाट मोठी केली. त्या साहित्यप्रकाराचा मूळ साचा याच लपलेल्या कोर्ट-अधिकाऱ्यानं घडवलेला. १८२६ मध्ये त्याचं आर्थिक दिवाळं वाजलं, सावकारांपुढे हिशेब मांडताना गुपित राहणं शक्यच नव्हतं, आणि फेब्रुवारी १८२७ मध्ये एडिंबरातल्या एका जाहीर मेजवानीत त्यानं उठून कबूल केलं की होय, तो मीच.

राजकारणात पडलेल्यांना असली चैन नव्हती. १८१७ मध्ये सरकारनं बिनचौकशी तुरुंगात ठेवण्याचा अधिकार घेतला होता. त्याच डिसेंबरात विल्यम होन या पुस्तकविक्रेत्यावर प्रार्थनेची विडंबनं छापल्याबद्दल लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले, आणि तिन्हींत ज्युरीनं त्याला सोडलं. ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकाचा संपादक ली हंट राजपुत्राची टिंगल केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात काढून आला होता. ११ जानेवारी १८१८ ला याच साप्ताहिकात चौदा ओळींची एक कविता आली. वाळवंटात पडलेले दगडी पाय, तुटकं तोंड, आणि चौथऱ्यावर कोरलेलं: माझं नाव ओझिमँडियस, राजांचा राजा. खाली कवीची सही ‘ग्लिरॅस्टिस’. हे शेलीनं लॅटिन-ग्रीक जोडून बनवलेलं खोटं नाव. ‘डॉरमाउसवर प्रेम करणारा’ असा काहीसा अर्थ. डॉरमाउस म्हणजे उंदराएवढा एक झोपाळू प्राणी, आणि मेरीच्या लाडक्या नावांपैकी एक. आपलं नाव दगडात कोरून ठेवणाऱ्या सम्राटावरची कविता, आणि खाली बायकोच्या लाडाच्या नावावरून केलेली थट्टा. आपल्याकडे ‘ललित’मधल्या ‘ठणठणपाळ’ची सही वाचून ज्यांनी आधी हसून घेतलं, त्यांना ही जात ओळखीची वाटेल.

हे झालं लेखकांचं. पण त्या वर्षी सगळ्यांत जास्त धार होती ती टीकाकारांच्या निनावीपणाला.

त्या काळी नियतकालिकांतल्या परीक्षणांवर सही नसे. बोलायचं ते ‘आम्ही’ म्हणून; जणू काही व्यक्ती नाही, संस्थाच बोलते आहे. आणि या संस्था राजकीय होत्या. ‘क्वार्टर्ली’ सरकारपक्षाचं, एडिंबरातलं नवं ‘ब्लॅकवुड्स’ही त्याच अंगाचं, पण तरुण आणि वांड. ‘ब्लॅकवुड्स’मध्ये ऑक्टोबर १८१७ पासून ‘कॉकनी संप्रदाय’ (कॉकनी म्हणजे लंडनच्या सामान्य वस्तीतला माणूस) अशा नावाची लेखमाला सुरू झाली. लक्ष्य ली हंट आणि त्याच्या भोवतीची लंडनची मंडळी. लेखकाची सही फक्त एक अक्षर: झेड.

एप्रिल-मे १८१८ मध्ये बावीस वर्षांच्या जॉन कीट्सचं ‘एन्डिमियन’ आलं. चार हजार ओळींचं काव्य. त्यावर नाव होतं. कीट्सनं वर प्रस्तावनेत स्वतःच कबूल केलं की यात कच्चेपणा दिसेल, हा पूर्ण झालेल्या कामापेक्षा केलेला प्रयत्न आहे. शत्रूच्या हातात याहून चांगली काठी देता आली नसती.

कीट्सचं शिक्षण वैद्यकीतलं. एका शल्यवैद्याकडे उमेदवारी, मग लंडनच्या गाईज हॉस्पिटलात शिक्षण, १८१६ मध्ये औषधं देण्याचा परवाना, आणि मग सगळं सोडून कविता. उन्हाळ्यात त्याचा मित्र बेंजामिन बेली स्कॉटलंडमध्ये ‘ब्लॅकवुड्स’मध्ये लिहिणाऱ्या लॉकहार्टला एका घरी भेटला. मित्राची बाजू मांडावी, माणूस किती भला आहे ते सांगावं, अशा सद्हेतूनं बोलता बोलता बेली त्याच्या या शिक्षणाबद्दलही सांगून गेला. ऑगस्टच्या अंकात झेडचा लेख आला. त्यात ‘जॉनी कीट्स’ला सल्ला होता की उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला बरा; तेव्हा दुकानात परत जा, पट्ट्या, गोळ्या आणि मलमाच्या डब्यांकडे. कवितेतल्या दोषांबद्दलही लेखात बरंच आहे, पण खरा मुद्दा जातीचा होता, इंग्रजी अर्थानं, म्हणजे सामाजिक दर्जाचा. तबेलेवाल्याचा नातू, लॅटिन बेताचं, ग्रीक मुळीच नाही, आणि हा ग्रीक देवांवर लिहितो! झेड म्हणजे लॉकहार्टच, असं आज मानलं जातं. सप्टेंबरात ‘क्वार्टर्ली’चा एप्रिलचा म्हणून छापलेला अंक निघाला (तिथे अंक वेळेवर न निघण्याची परंपरा आपल्या काही मासिकांसारखीच होती). त्यातलं परीक्षण जॉन विल्सन क्रोकरचं, अर्थात बिनसहीचं. त्यात परीक्षक सुरुवातीलाच सांगून टाकतो की चार सर्गांपैकी पहिल्याच्या पुढे आम्हाला जाववलं नाही.

यानंतर एक दंतकथा तयार झाली की टीकेनं कीट्स मेला. बायरननं तिची थट्टा केली, शेलीनं तिच्यावर शोककाव्य लिहिलं. खरं म्हणजे त्या शरद ऋतूत कीट्स धाकट्या भावाच्या उशाशी बसला होता. टॉम क्षयानं झिजत होता. १ डिसेंबरला तो गेला, वय एकोणीस. ऑक्टोबरात कीट्सनं प्रकाशकाला लिहिलं की माझ्या स्वतःच्या टीकेनं मला जेवढा त्रास दिला, तेवढा ‘ब्लॅकवुड्स’ किंवा ‘क्वार्टर्ली’ देऊ शकणार नाहीत. ‘एन्डिमियन’ खपलं नाही, एवढं मात्र खरं.

निनावी सहीनं माणूस मेला, पण दुसराच. ‘लंडन मॅगेझिन’चा संपादक जॉन स्कॉट (वॉल्टरशी नातं नाही) यानं ‘ब्लॅकवुड्स’च्या या पद्धतीवर हल्ला चढवला. आपण त्या मासिकाचे कोण आहोत हे लॉकहार्टनं जाहीर सांगावं, अशी मागणी झाली. पत्रांना पत्रं, खुलाशांना खुलासे, आणि शेवटी १६ फेब्रुवारी १८२१ च्या रात्री चॉक फार्मच्या माळावर जॉन स्कॉट आणि लॉकहार्टचा मित्र क्रिस्टी यांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखली. स्कॉटला गोळी लागली. २७ तारखेला तो मेला. मधल्या २३ तारखेला रोममध्ये कीट्स क्षयानं गेला. आपल्या दगडावर नाव नको, असं तो सांगून गेला होता. ते तिथे आजही नाही.

आता परत त्या पाच प्रकाशकांच्या पानाकडे. मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची होती; कादंबरी सुरू केली तेव्हा अठराची. प्रकाशक जॉन मरीनं ती नाकारली होती, आणखी एकानं नाकारली होती. पुस्तकावर नाव नसलं तरी अर्पणपत्रिका होती: विल्यम गॉडविनला, म्हणजे तिच्या वडिलांना, पण ते नातं न सांगता. गॉडविन हे त्या काळचं बदनाम पुरोगामी नाव. परीक्षकांना एवढा धागा पुरला. कुणी तरी गॉडविनचा चेला असणार, असं ठरलं. प्रस्तावना ‘मी’ अशी बोलते, पण तीही नवऱ्यानं लिहून दिलेली. म्हणजे पुस्तकाच्या दारात जो एकमेव ‘मी’ उभा आहे, तोसुद्धा ती नाही.

क्रोकरनं ‘क्वार्टर्ली’त हे पुस्तकही झोडपलं. ‘ब्रिटिश क्रिटिक’नं एप्रिलमध्ये लिहिलं की ही लेखणी एका स्त्रीची असल्याचं आमच्या कानावर आहे, आणि त्यामुळे दोष कमी होत नाही, वाढतो. याउलट मार्चच्या ‘ब्लॅकवुड्स’मध्ये, हो, त्याच ‘ब्लॅकवुड्स’मध्ये, एक मनापासून केलेली स्तुती आली. कल्पनाशक्ती अस्सल आहे, असं म्हणणारा तो परीक्षक होता वॉल्टर स्कॉट. निनावी कादंबरीकारानं एका निनावी कादंबरीवर लिहिलेला निनावी लेख. त्यानं लेखकाचा अंदाज केला: पर्सी शेली.

तोवर शेली कुटुंब इटलीत गेलं होतं. १४ जूनला, बाजीराव शरण आला त्यानंतर अकराव्या दिवशी, मेरीनं बान्यी दी लुक्काहून स्कॉटला पत्र घातलं. आभार मानले, आणि चूक सुधारली: हे श्रीयुत शेलींचं नाही, माझा लहान वयातला प्रयत्न आहे, ज्यांच्याकडून मला नाव मिळालं त्यांच्याबद्दलच्या आदरामुळे मी ते घातलं नाही. हे वाक्य नम्र आहे तितकंच व्यवहारी वाटतं मला. तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोपासून झालेल्या दोन मुलांचा ताबा आदल्याच वर्षी कोर्टानं त्याला नाकारला होता, आणि त्या खटल्यात त्याची ‘क्वीन मॅब’ ही कविता त्याच्या नास्तिकपणाचा पुरावा म्हणून पुढे ठेवण्यात आली होती. पुस्तकावरचं नाव घरात येऊन काय करू शकतं, हे तिनं बघितलेलं होतं.

१८२२ मध्ये शेली बुडून मेला. पुढच्या उन्हाळ्यात मेरी मुलाला घेऊन लंडनला परतली, तर तिथे ‘फ्रँकेन्स्टाइन’चं नाटक चालू होतं. या नाटकाच्या जोरावर वडिलांनी दुसरी आवृत्ती काढायला लावली, दोन भागांत, आणि या वेळी पानावर नाव होतं: मेरी वॉलस्टनक्राफ्ट शेली. ऑगस्टच्या अखेरीस ती वडिलांबरोबर इंग्लिश ऑपेरा हाउसला नाटक बघायला गेली. कथा नीट हाताळलेली नाही असं तिचं मत पडलं, पण कुक नावाच्या नटानं फ्रँकेन्स्टाइननं घडवलेल्या राक्षसाचं काम फार चांगलं केलं होतं. तिला सगळ्यांत जास्त आवडला तो हातात मिळालेला जाहिरातीचा कागद. त्यावर पात्रांची यादी होती, प्रत्येक पात्रासमोर नटाचं नाव. कुकच्या नावासमोर, जिथे पात्राचं नाव हवं, तिथे नुसती एक आडवी रेघ छापली होती. ज्याला नाव देता येत नाही त्याला असं बिननावाचं नाव देण्याची ही तऱ्हा चांगली आहे, असं तिनं ली हंटला कळवलं.